बिनविरोध डोह

एका जंगलात एक खार राहत असे. वयाने लहान, जिभेने तिखट. त्या जंगलात उन्हाळ्यात पाण्याचा डोह एकच उरायचा आणि त्याचा राखणदार होता एक रानरेडा. राखण म्हणजे काय, तर सकाळी डोहात बसायचं आणि संध्याकाळी उठायचं. बाकीच्यांनी चिखल प्यायचा. त्या चिखलाने खारीच्या आईचं पोट महिनाभर बिघडलेलं होतं.

राखणदार दर पाच वर्षांनी सगळ्यांनी निवडायचा, असा नियम होता. पण जांभळीखाली बसणारी चार म्हातारी डोकी ते काम परस्परच उरकत. 'आमच्याकडे सगळं बिनविरोध होतं,' असं ती वाटसरू पाखरांनासुद्धा थांबवून ऐकवत. स्वतः मात्र वरच्या कड्यातल्या झऱ्याचं पाणी पीत. आणि मुलांनो, याच जंगलातल्या शाळेत कासवगुरुजी निवडणूक शिकवत! पक्ष, उमेदवार, प्रचार, गुप्त मतदान, सगळं त्यांना तोंडपाठ. वय दीडशे, पण आजवर दिलेलं मत एकही नाही. पोरांनी धडा परीक्षेत लिहायचा आणि विसरायचा, अशी रीत होती. खार विसरली नाही. तिने राखणदारकीसाठी अर्ज भरला.

झालं, जांभळीखाली एकच गहजब उडाला. त्यांच्यातलं म्हातारं वानर खारीच्या ढोलीशी येऊन म्हणालं, "पोरी, जंगलाचा एकोपा बिघडेल. पुढच्या खेपेला तुझंच नाव घेऊ." हेच त्याने मागच्या खेपेला सशाला सांगितलं होतं, आणि त्याच्या आधी सशाच्या बापाला. आईसुद्धा कण्हत म्हणाली, की पोटाचं काय, आज ना उद्या बरं होईल, मोठ्यांचा शब्द मोडू नये. तरी खार ऐकेना, तेव्हा म्हाताऱ्यांनी गुरुजींना पाठवलं. गुरुजी सोमवारी निघाले ते गुरुवारी पोचले.

"बाळ, अर्ज मागे घे," ते म्हणाले.

"गुरुजी, तुम्हीच शिकवलंत ना?"

"ते अभ्यासक्रमात आहे. जंगलात नाही."

"मग शिकवलंत कशाला?"

गुरुजींनी मान आत घेतली. तोवर अर्ज मागे घ्यायची मुदतही टळून गेली होती.

आता रेड्यावर मतं मागायची पाळी आली. डोहात बसून मत कोण देणार? बिचारा जन्मात पहिल्यांदा दिवसाढवळ्या पाण्याबाहेर आला आणि बिळाबिळापुढे हिंडू लागला. जो तो त्याला पाण्याचंच विचारी. साळिंदराने तर करवंटीभर चिखल पुढे केला आणि म्हणालं, "घ्या मामा, तुमच्याच राखणीतलं आहे." मत हवं होतं, म्हणून रेड्याने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि तिथल्या तिथे कबूल केलं, की यापुढे लोळायला खालचं डबकं, डोह फक्त पिण्यासाठी. आठ दिवस प्रचार चालला. आठ दिवस डोहात कुणी बसलं नाही. गाळ आपोआप खाली बसला.

मतदान झालं. खार सतरा मतांनी पडली. वानर मुद्दाम डोहावर येऊन म्हणालं, "काय पोरी, आपटलीस ना? फुकट सगळ्यांच्या डोक्याला ताप दिलास."

खार आईला पाणी पाजत होती. तळातले गोटे मोजता येतील इतकं ते नितळ होतं. ती म्हणाली, "आपटले, आजोबा. पण मामा पाण्यातून उठले. आणि पाच वर्षांनी मी पुन्हा उभी राहणार आहे, तेही त्यांना सांगून आलेय."

खालच्या डबक्यात पाय टाकायलाही जागा नव्हती, पण रेडा तिथेच अंग चोरून बसला होता.

तात्पर्य : ज्याच्यासमोर कुणी उभंच राहत नाही, तो बसल्या जागेवरून उठत नाही. आणि 'एकोपा राखा' असं सांगणारे मोठे स्वतः कुठलं पाणी पितात, ते आधी बघून घ्यावं.