कागदीणबाईचे पावणेबारा रुपये

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांचे पणजोबाही जन्मायचे होते तेव्हा, एका नगरात एक कागदीणबाई राहत होती. कागदीण म्हणजे कागद करणारी. तिला नाव असणारच, पण सगळं नगर तिला कागदीणबाई म्हणायचं आणि तीही त्यालाच ओ द्यायची. मीही तेच म्हणतो. ही गोष्ट सांगताना माझी मान जरा ताठ होते. का, ते कळेलच तुम्हांला.

नगराबाहेर नदीकाठी राजाच्या मालकीचा एक दगडी हौद होता. चिंध्या आणि जुने दोरखंड कुटून केलेला लगदा कागदीणबाई त्या हौदात कालवायची. मग गवताच्या काड्यांची एक चटई त्यात बुडवून अलगद वर उचलायची. चटईवर जो पातळ थर राहायचा तो भिंतीवर वाळवायचा, दगडाने घोटायचा, की झाला कागदाचा एक ताव. असे चोवीस ताव म्हणजे एक दस्ता. तिच्या सासूने जन्मभर हेच केलं, आजेसासूनेही हेच.

हौदाचा मक्ता दर तीन वर्षांनी नवा करावा लागे. दसऱ्याच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, पंधरा रुपये भरायचे. नाही भरले तर हौद दुसऱ्याचा. आणि हौद गेला तर ही बाई करणार काय? दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि शिकायचं वयही राहिलं नव्हतं.

नगराच्या भर पेठेत एक पेढी होती. दारात दोन पहारेकरी, आत पांढरीशुभ्र गादी आणि गादीवर शेटजी. लोक आपले पैसे तिथे ठेवत आणि सुखाने झोपत. कागदीणबाईनेही पै-पै करून तीस रुपये ठेवले होते. लेकीच्या बाळंतपणाला त्यातले अकरा काढले. एकोणीस राहिले. पंधरा मक्त्याला गेले तरी चार वर उरतात, असा हिशेब करून ती निर्धास्त होती.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. पेढीला लागणारा कागद कागदीणबाईच पुरवायची. दर महिन्याला पेढीचा शिपाई दस्ते न्यायला यायचा. आता तो जाताना एक घडी घातलेली चिठ्ठी ठेवून जाऊ लागला. बाईला अक्षरओळख नव्हती. ती चिठ्ठी उलगडायची, बोटाने चाचपायची, कागद नीट घोटलाय ना ते बघायची आणि रद्दीच्या टोपलीत टाकायची. वर काळं काय लिहिलंय याच्याशी तिला काय करायचं होतं? उलट तिला वाटायचं, शेटजी मोठे चोख. आपला कागद कसा उतरला हे आपल्याला कळावं म्हणून तुकडा पाठवतात. आता हसू नका. जन्मभर कागद करणाऱ्या माणसाला आधी कागदच दिसतो, अक्षर मागाहून.

अशा बारा चिठ्ठ्या जमल्या. रद्दीचा लगदा ती वर्षातून एकदाच, दसरा झाला की करायची. म्हणून त्या टोपलीत तशाच पडून होत्या.

दसऱ्याला तीन दिवस राहिले तेव्हा कागदीणबाई पेढीवर गेली. म्हणाली, "दिवाणजी, पंधरा रुपये काढायचेत."

दिवाणजींनी वही उघडली. "शिल्लक सातच आहे, बाई."

"सात कशी? एकोणीस असायला हवेत."

"शिल्लक वीसच्या खाली गेली की पेढी खातेदाराला चिठ्ठीने कळवते. चिठ्ठीचा खर्च खातेदाराने सोसायचा. नियमाखाली तुमचा अंगठा आहे. एका चिठ्ठीचा एक रुपया. बारा महिने, बारा चिठ्ठ्या, बारा रुपये."

बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. एका रुपयाने शिल्लक कमी पडली, म्हणून एक रुपया कापला. तो कापला म्हणून शिल्लक आणखी कमी झाली, म्हणून पुन्हा एक कापला. हे असंच चाललं असतं तर खातं रिकामं होईपर्यंत चाललं असतं. मागे रांगेत एक तांबट उभा होता, एक फुलारी उभा होता. फुलारी हळूच म्हणाला, "माझेही पाच गेले. मोठ्यांपुढे काय बोलणार?"

कागदीणबाई थेट शेटजींच्या गादीपुढे जाऊन उभी राहिली. शेटजींनी सगळं ऐकून घेतलं आणि गोड हसले. वाईट बोलणारा माणूस नव्हता तो, हे मला कबूल केलंच पाहिजे.

"तुझी अडचण कळली मला," शेटजी म्हणाले. "नियम तो नियम. पण गरिबाची दया येते. आठ रुपये देतो तुला. तुझे सात आणि हे आठ, भागला तुझा मक्ता. दिवाणजी, दानखात्यात लिहा. आणि बाई, बाहेर कुठे बोलू नकोस."

बघा, हौद हातात आला होता. फक्त हात पुढे करायचा होता. बाईचा हात पुढे झालाही, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. पण दानखातं हा शब्द कानात शिरला आणि हात मागे आला.

"दान नको, शेटजी. माझ्या घरात आजवर कुणी दान घेतलं नाही. माझे जास्त घेतलेत ते परत द्या, आणि परत दिले असं लिहा."

"मग एक पैही मिळणार नाही," शेटजी म्हणाले. "जा, दरबारात जा."

घरी आल्यावर धाकटी जाऊ तिच्यावर उखडली. "जाऊबाई, पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि यायचं. ताठा घेऊन काय चाटायचाय? हौद गेला तर खाणार काय आपण?"

"अगं, दान म्हणून घेतले तर ते माझे कधी नव्हतेच असं होईल," कागदीणबाई म्हणाली. "मग पुढच्या महिन्यात तेरावी चिठ्ठी येईल. तेव्हा कुणाच्या दयेवर जगू? आणि त्या फुलाऱ्याने काय करायचं?"

असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. भीती तिलाही वाटत होती. तिने टोपलीतून बारा चिठ्ठ्या वेचून काढल्या आणि पदरात बांधून ठेवल्या.

त्या राज्यात चाल अशी होती की दसऱ्याच्या सकाळी शस्त्रांची पूजा करण्याआधी राजाने प्रजेची गाऱ्हाणी ऐकायची. कागदीणबाई उजाडताच जाऊन बसली. तिची पाळी आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. शेटजींना बोलावणं गेलं. ते दिवाणजी आणि शिपाई यांना घेऊन आले.

"महाराज," शेटजी म्हणाले, "चिठ्ठी म्हणजे काय नुसता चिटोरा? पेढीचा कागद लांबून, डोंगरापलीकडून येतो. शाई लागते, लिहिणारा लागतो, पोचवायला माणूस लागतो. एका रुपयात आम्हांला खोटच बसते. आणि नियमाखाली हिचा अंगठा आहे."

राजाने विचारलं, "बाई, अंगठा तुमचा?"

"माझाच, महाराज. चिठ्ठीचा खर्च देईन असं कबूल केलं होतं. आजही नाही म्हणत नाही. फक्त तो खर्च किती, ते इथे सगळ्यांसमोर मोजू."

तिने एक चिठ्ठी राजाच्या हातात दिली. "ही जरा उजेडापुढे धरा."

राजा खिडकीपाशी गेला. कागदातून ऊन आरपार आलं, आणि काड्यांच्या बारीक सरळ रेघांमध्ये एक तिरकी रेघ दिसली.

"माझ्या चटईतली एक काडी सासूबाईंच्या हातून मोडली होती," कागदीणबाई म्हणाली. "त्यांनी ती घोड्याच्या केसाने बांधली, ती जरा तिरकी बसली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक तावावर ही रेघ उमटते. बाराही चिठ्ठ्यांवर आहे. कागद डोंगरापलीकडचा नाही, महाराज, माझ्या हौदातला आहे."

राजाने आपल्या मेजावरचा कोरा कागद उचलून उजेडापुढे धरला. त्यावरही तीच तिरकी रेघ होती. तो ओठातल्या ओठात हसला.

"भाव काय याचा?" त्याने विचारलं.

"दस्त्याला एक रुपया. मी अठरा आणे मागत होते, शेटजींनी घासाघीस करून सोळावर आणलं. एका तावाच्या चार चिठ्ठ्या होतात. बारा चिठ्ठ्यांना तीन ताव, म्हणजे दोन आणे. शाईचा एक आणा धरा, लिहिणाऱ्याचा एक धरा."

"आणि पोचवणाऱ्याचे?" शेटजी मध्येच म्हणाले.

राजाने शिपायाकडे पाहिलं. "चिठ्ठी द्यायला तू मुद्दाम जायचास का?"

शिपायाने एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा बाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही, महाराज. दस्ते आणायला जायचंच असायचं."

"झाले चार आणे," कागदीणबाई म्हणाली. "ते पेढीचे, खुशाल घ्यावेत. बाकीचे पावणेबारा रुपये माझे."

अक्षर न येणाऱ्या बाईने तोंडी केलेला हा हिशेब दिवाणजींनी दोनदा ताडून पाहिला. एका पैचीही चूक निघाली नाही.

राजा म्हणाला, "खर्च घ्यायला पेढीला मुभा आहे. खर्चाच्या नावावर कमाई करायला नाही. पैसे आत्ता, इथेच द्या. आणि वहीत ज्याच्या ज्याच्या नावावर असे रुपये कापले असतील, त्या सगळ्यांचे आठ दिवसांत पोचवा."

शेटजींनी पिशवी सोडली. जाता जाता दिवाणजींना म्हणाले, "धर्मादाय म्हणून लिहा."

"महाराज, एवढं एक बघा," कागदीणबाई म्हणाली. "धर्मादाय नको. जास्त घेतले ते परत, असंच लिहू देत."

राजाने वही मागवून घेतली आणि त्याच्यासमोर तसं लिहायला लावलं. बाईने विचारलं, "यातलं 'परत' कुठलं?" राजाने स्वतः बोट ठेवून दाखवलं. ती तीन अक्षरं तिने नीट पाहून घेतली. तिच्या आयुष्यातली ती पहिली अक्षरं.

कमी पडणारे सव्वातीन रुपये पेढीतल्या आपल्या सातांतून काढून, सूर्य मावळायला घटकाभर असताना तिने मक्त्याचे पंधरा रुपये भरले. हौदाच्या कडेला धाकटी जाऊ आपट्याची पानं घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते. "सोनं घ्या, जाऊबाई," एवढंच ती म्हणाली आणि वाकून पाया पडली.

आठ दिवसांत तांबटाचे आले, फुलाऱ्याचेही आले. त्या बारा चिठ्ठ्यांचा कागदीणबाईने नेहमीसारखा लगदा केला.

पुढच्या महिन्यात दस्ते न्यायला शिपाई आला नाही, खुद्द शेटजी आले. नगरात एवढा चांगला कागद दुसरीकडे मिळत नव्हता. खाली बघत म्हणाले, "आता भाव किती लावणार तुम्ही?"

"दस्त्याला एक रुपया," कागदीणबाई म्हणाली.

"तेवढाच?"

"चिंध्या त्याच, पाणी तेच, मेहनत तीच. मग भाव जास्त कसा लावू, शेटजी?"

शेटजींनी रुपया ठेवला, दस्ता उचलला आणि मान खाली घालून निघून गेले. कागदीणबाई चटई घेऊन पुन्हा हौदाकडे वळली.

तात्पर्य: जे हक्काचं आहे ते ताठ मानेने परत मागावं, दान म्हणून कधी घेऊ नये.