पात्याला किती पाणी द्यायचं?

सुऱ्या-कोयते माणसांशी बोलत, त्या काळी एका तरुण सुरीला तीन रात्री झोप नव्हती. तिचं लेकरू, एक इवलंसं पातं, उद्या लोहाराकडे जाणार होतं. तापवून पाणी दिलं की पातं कडक होतं. मात्र किती कडक, हे आईनं सांगायचं. सुरी शिकलेली होती. म्हणजे बाजारातून येताना ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, ते तिनं अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. घाबरायला तेवढं शिक्षण पुरलं.

"चांगलं कडक करून घे गं," विळी म्हणाली. "मऊ धार टोमॅटो चिरत नाही, चेचते."

"अजिबात नको!" कोयता गरजला. "रानात लाकडाशी गाठ असते. फार कडक केलंस तर पहिल्याच घावाला टवका उडेल पोराचा."

सुरीनं जन्मभर भेंडीच चिरली होती, तीही जेमतेम. तरी लेकराच्या काळजीपोटी तिनं भोपळ्यापासून बाभळीपर्यंत सगळं मनातल्या मनात कापून पाहिलं. प्रत्येक वेळी पातं तरी मोडलं, नाहीतर वाकलं. आणि प्रत्येक वेळी लोक आईलाच बोलले.

सकाळी लोहारानं भाता ओढत विचारलं, "बोला ताई, कसं करू?"

"कडक करा. नको, थांबा, मऊच ठेवा. अहो, मधलं काही असतं का?"

लोहारानं कपाळाचा घाम पुसला. तेवढ्यात पातं पुढे सरकून म्हणालं, "काका, मला पेरू कापायचेत. त्याला किती पाणी लागतं?"