शिवेवरची डोली

डोंगरापल्याडच्या एका गावात बयाजी नावाचा पाटील होता. माणूस हुशार, पण सगळी हुशारी मान मिळवण्यात खर्ची पडे.

त्या मुलखात बाळंतपणात बायका फार दगावत. आईमागे चार-आठ दिवसांत तान्हं मूलही जाई. राजाला वाईट वाटलं. त्याने गावोगावी एक डोली आणि चार भोई दिले. अडलेल्या बाईला तडक कसब्याच्या वैद्याकडे न्यायचं, एवढंच त्यांचं काम. वर त्याने दवंडी पिटवली, "ज्या गावात वर्षभर एकही बाळंतीण दगावणार नाही, त्या गावच्या पाटलाला मानाचा शेला!" राजाचं मन चांगलं होतं. पण शेल्याचं आमिष दाखवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

कसबा चार कोस लांब, वाटेत नदी. तिथे पोचता पोचता बाई गेली, तर वैद्य ते मरण तिच्या गावाच्या नावावर लिहिणार. बयाजीने तोड काढली. कुंभाराची सून अडली, तेव्हा तो म्हणाला, "हिला माहेरी पोचवा. बाळंतपण माहेरीच शोभतं." भोयांनी तिला शेजारच्या गावी, तिच्या आईच्या दारात टेकवलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. बयाजीच्या गावात मात्र कोणी मेलं नाही.

ठकूबाई सुईण तावातावाने पाटलाच्या दारात आली. "पाटील, माहेरी आई असती, वैद्य नसतो. डोली कसब्याला जाऊ द्या."

"ठकूबाई, तू नाळ काप. गावाची अब्रू मी बघतो."

असा मान म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी. बयाजीला ते गोड लागलं. त्या वर्षात आणखी दोघी अशाच माहेरी गेल्या. एकही परतली नाही.

वाईट अक्कल कुणाला शिकवावी लागत नाही. शेजारच्या गावच्या पाटलानेही तोच कित्ता गिरवला. बयाजीची लेक सगुणा त्याच गावात दिलेली होती. वर्ष सरायला आठ दिवस उरले असताना ती दुसऱ्या खेपेला अडली. भर दुपारी तिची डोली बयाजीच्या शिवेवर आली आणि भोयांनी ती खाली ठेवली.

बयाजी अनवाणी धावत आला. "अरे, उचला तिला! कसब्याला चला!"

"आमच्या पाटलाचा हुकूम शिवेपर्यंतचाच हाय," भोई म्हणाला. "पुढं तुमची डोली आणा."

गावची डोली सकाळीच तेल्याच्या सुनेला घेऊन पलीकडच्या शिवेकडे गेली होती. बयाजीनेच पाठवली होती.

मग बैलगाडी जुंपली, ठकूबाईही सोबत चढली. खाचखळग्यांत गाडी हिसके खात होती आणि आत सगुणा किंचाळत होती. ठकूबाईने गाडीतच तिला मोकळं केलं. मुलगी झाली. पण रक्त काही थांबेना. "आबा, लई लांब हाय का वो?" एवढंच सगुणाने विचारलं. नदी लागायच्या आत ती गेली.

आठ दिवसांनी राजाचा कारभारी चावडीवर आला. "पाटील, वर्षात किती बाळंतिणी दगावल्या?"

सगुणा गावात मेली नव्हती. सासरच्या गावातही मेली नव्हती. बयाजीच्या मांडीवर आठ दिवसांची नात होती. तिला बोळ्याने दूध पाजत होते, पण ते तिच्या ओठांतून बाहेर येत होतं. बयाजी तिचे ओठ पुसत राहिला.

ठकूबाई पुढे झाली. "एकबी नाही, सरकार. आमच्या गावच्या बाया शिवेपल्याड मरत्यात."

कारभाऱ्याला आकडा हवा होता. तो मिळाला. बाकीचं त्याने ऐकून सोडून दिलं.

बयाजीने मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेवरच कारभाऱ्याने शेला टाकला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हद्दीत लोटलं म्हणून मरण टळत नाही. मेलेल्यांचा आकडा लपवायला जेवढी अक्कल खर्च होते, तेवढ्यात जिवंत माणसं वाचली असती.