काचेवरची रेघ

ऑनलाइन खरेदीवर कुणाचा फारसा विश्वास नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट. शर्वरीशी माझं लग्न ठरलं आणि साखरपुड्यासाठी मी हिऱ्याची अंगठी चक्क ऑनलाइन मागवली, तीही आयुष्यात पहिल्यांदाच. कुरिअरने आलेली इवलीशी डबी पाहून तिचे वडील, अण्णा, काळजीत पडले. "न बघता हिरा घेतलात? चला, आधी दाखवून आणू."

कराडात दादासाहेब सराफ त्यांच्या ओळखीचे होते. शर्वरीलाही घेऊन आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. गावातला प्रत्येक दागिना आपल्याच दुकानातून जावा, असा त्यांचा बाणा. त्यांनी भिंग हातातही घेतलं नाही. लांबूनच पाहत म्हणाले, "काच आहे ही. अण्णा, जावई फसला तरी आहे, नाहीतर तुम्हाला फसवतोय."

अण्णांचा चेहरा उतरला. शर्वरीने मात्र शांतपणे अंगठी उचलली आणि तिचा खडा काउंटरच्या चकचकीत काचेवर टेकवला.

"काचच आहे ना, दादासाहेब? मग एक रेघ ओढून बघते."

"अगं अगं, थांब!" दादासाहेबांनी दोन्ही हात काचेवर पसरले. "नवी काच आहे, चरा पडेल!"

मग अण्णा असे खळखळून हसले, की शेवटी दादासाहेबांनाही हसू आवरेना.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला, जावईबापू." स्वतः ते मला पहिल्यांदाच असं म्हणाले. अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली. कराडच्या त्या पेठेतून जाताना ती हाक मला अजून ऐकू येते.