सारजाबाईचा उंबर

घोंगडे महाराज तेव्हा जाखणगावात होते. नावाला गाव, पण वाढत्या शहरानं ते कधीच गिळलं होतं. रंगारी पेठेतल्या दत्ताच्या देवळात महाराज राहायचे. खांद्यावर एक घोंगडी, बाकी काही नाही.

त्याच पेठेत सारजाबाई बांगड्या विकायची. एकटी बाई, महाराजांवर फार जीव. एकदा गटाराच्या फटीत उगवलेलं उंबराचं रोप तिनं महाराजांना दाखवलं. "हे कुठं लावू?"

महाराजांनी भानुशेठच्या गादी कारखान्याकडे बोट केलं. "तिथं. ओट्याला लागून."

तिनं तिथंच लावलं. सगळी पेठ हसली. भानुशेठ तर रोजच सुनावायचा. "सारजे, शहरात कुणी उंबर लावतं का? अशोक लाव, शोभा तरी येईल. ह्याची फळं सडणार, माश्या होणार, मुळं माझा ओटा फोडणार!"

खरं सांगायचं तर शेठचं चुकत नव्हतं. झाड मोठं झालं, मूळ ओट्याखाली शिरलं, फरशी उचलली. पण सारजाबाईनं त्याला बोरीचे काटे बांधून शेळ्यांपासून राखलं होतं. नळाला पाणी नसायचं तेव्हा स्वतःच्या घागरीतलं अर्धं घातलं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी शेठनं कुऱ्हाडवाले आणले. सारजाबाई खोडाला मिठी मारून बसली.

"ऊठ! नाहीतर तुझ्यासकट तोडतो. बोलव तुझ्या महाराजांना!"

महाराज आलेच होते. म्हणाले, "शेठ, जरा थांब."

"थांबायचं काय? मार रे!"

कुऱ्हाड वर गेली आणि कारखान्यातून ओरडा आला. "आग! आग!"

कापूसच तो! बघता बघता जिना पेटला. वरच्या मजल्यावर शेठची सून मालती, तिचं तान्हं बाळ. लोक नळाकडे धावले. नळातून नुसती हवा. बंब बोलावला, पण त्या गल्लीत तो शिरणार कधी?

"पाणी! अहो, कुणीतरी पाणी द्या!" शेठ छाती बडवत होता.

महाराजांनी एका मजुराची पहार घेतली आणि सारजाबाईच्या हातात दिली. "ओट्याखाली मूळ शिरलंय ना? तिथं मार. मुळावरच."

"महाराज, झाड मरंल."

"मरेल कदाचित."

तिनं वर पाहिलं. खिडकीत मालती, छातीशी बाळ. सारजाबाईनं पदर खोचला आणि पहार घातली. परत घातली. मूळ तुटलं, पांढरा चीक उडाला. ती रडत होती आणि मारत होती. मग फरशी खचली. खाली आडाचं दगडी तोंड!

शेठच्या आजोबांनी बुजवलेला आड तो. पेठ विसरूनही गेली होती. आत नुसता कोरडा भराव. महाराज वाकले. "ये माय," म्हणाले. बस, एवढंच.

आणि पाणी वर आलं! दगडगोट्यांमधून, बुडबुडत, काठापर्यंत! उंबराखाली पाणी असतं असं म्हातारी माणसं सांगतात. पण बुजवलेल्या आडातून ते असं वर आलेलं कुणी पाहिलं होतं?

बादल्या, घागरी, हातोहात. महाराजांनी घोंगडी पाण्यात बुडवली, अंगावर घेतली आणि थेट जिन्यात शिरले.

धूर. काही दिसेना. शेठ दत्ताचं नाव घेत होता, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

मग धुरातून ओली घोंगडी बाहेर आली. तिच्याखाली मालती. तिच्या कुशीत बाळ, जोरजोरात रडणारं! आणि घोंगडीशिवाय आलेल्या महाराजांचा एक केससुद्धा करपला नव्हता.

भानुशेठ त्यांच्या पायांकडे धावला. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडे काय येतोस? जिनं स्वतःच्या झाडाचं मूळ तोडलं तिच्याकडे जा."

मागे आग विझत आली होती. सारजाबाई तुटक्या मुळावर चिखल थापत बसली होती. शेठ तिच्यापुढे उभा राहिला.

"सारजाबाई..." इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा बाई म्हटलं.

"पाया पडू नका शेठ," मान वर न करता ती म्हणाली. "चिखल आणा. लई लागंल."

परीटघडीचं धोतर नेसलेला भानुशेठ आडापाशी गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांची ओंजळ चिखलानं भरून आणली आणि मुळाशी वाकला. चिखल थापून झाला तरी तो उठला नाही. कपाळ उंबराच्या खोडाला टेकलेलं होतं.