दुसरा बार

"कडक आहे की नाही, एवढंच सांगा उस्ताद. हो किंवा नाही."

उदाजीराव हे तिसऱ्यांदा विचारत होते.

दस्तगीर उस्तादांनी मांडीवरची रायफल दाराच्या उजेडाकडे वळवली आणि चष्मा कपाळावर ढकलला. जवळचं नीट बघायचं असलं की ते चष्म्याला रजा देत.

दस्तगीर म्हणजे पिढीजात शिकलगार, हत्यारं दुरुस्त करणारे. संस्थान होतं तेव्हा शिलेखान्यातली प्रत्येक बंदूक त्यांच्या हाताखालून जायची. संस्थान गेलं, शिलेखान्याला कुलूप लागलं आणि उस्ताद दर्ग्यामागच्या या एका खोलीत येऊन बसले. आता सत्तरी उलटली होती. पण बंदुकीबद्दल त्यांनी एक शब्द उच्चारला की तालुक्यात त्यावर कुणी दुसरा शब्द काढत नसे.

त्या एका शब्दासाठीच उदाजीराव आले होते.

आंबेघोळचे जहागीरदार ते. जहागिरी कागदावरून केव्हाच पुसली गेली होती, पण उदाजीरावांच्या मानेला ते अजून कुणी कळवलं नव्हतं. तरीही जीपमधून उतरून ते मुकाट्यानं उस्तादांसमोर पोत्यावर बसले होते. पोरवयात नेम धरायला त्यांना याच म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. गुरूच्या दारात खुर्ची मागायची नसते, एवढं त्यांना कळत होतं.

"उस्ताद..."

"बगतोय, सरकार."

झालं होतं ते असं.

पंधरा दिवसांपूर्वी आंबेघोळच्या घळीत हाका घातला होता. तेव्हा शिकारीला परवाने मिळत. करवंदीच्या जाळीतून एक मोठं सुळेवालं रानडुक्कर निघालं. उदाजीरावांनी बार टाकला, तो पोटात बसला. डुक्कर पडलं नाही. ते वळलं आणि सरळ अंगावर आलं. मध्ये चाळीस पावलं होती. दुसरा बार टाकायला तेवढी पुरतात.

दुसरा बार झालाच नाही.

त्यांच्या डाव्या हाताला सिदू उभा होता. सिदू धनगर, त्यांचा वाटाड्या, वीस वर्षं प्रत्येक शिकारीला बरोबर असलेला. तो मध्ये आडवा गेला. डुकरानं त्याची मांडी वरपर्यंत फाडली. गाडीरस्त्याला आणेपर्यंत सिदू संपला होता.

दिवसकार्याला उदाजीराव धनगरवाड्यावर गेले. सगळी वस्ती जमली होती. सिदूची बायको ठकूबाई उठली आणि तिनं सगळ्यांदेखत विचारलं,

"सरकार, दुसरा बार का वाजला न्हाई?"

ती रडली असती तर सोपं गेलं असतं. ती रडत नव्हती.

"बोल्ट अडला," उदाजीराव म्हणाले. "नवी रायफल. बोल्ट कडक होता."

ठकूबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दस्तगीर उस्तादास्नी दावा. त्येनी म्हटलं तर मी मानीन. मग पुन्यांदा न्हाई इचारनार."

उदाजीराव खोटं बोलले होते असंही नाही. एक बार झाला की दांडा उचलून बोल्ट मागे-पुढे ओढायचा, तेव्हा दुसरं काडतूस नळीत जातं; तो बोल्ट खरोखरच अडला होता. तो अडल्याचं त्यांच्या तळहाताला अजून जाणवत होतं. उस्तादांनी फक्त 'कडक आहे' म्हणायचं, की त्या बाईच्या डोळ्याला डोळा देता येणार होता.

उस्तादांनी आत काडतूस नसल्याची खात्री केली. मग दोन बोटांनी बोल्टाचा दांडा वर उचलला. मागे ओढला. पुढे ढकलला. खाली बसवला.

आवाज आला न आल्यासारखा.

उदाजीरावांचा चेहरा उतरला.

"तुमचं सोडा हो उस्ताद. तुमच्या हातात लोखंडाचंसुद्धा मेण होतं."

"मग घ्या. तुमीच बगा."

उदाजीरावांनी रायफल घेतली, खांद्याला लावली आणि मुठीत दांडा धरून एकदम मागे हिसडला. दांडा अजून पुरता वर आलाही नव्हता.

खट्ट.

"बघा! बघा!" त्यांना जवळजवळ आनंदच झाला. "अस्साच अडला. अगदी अस्सा!"

"अडला खरा," उस्ताद म्हणाले. "पुन्यांदा."

पुन्हा अडला. तिसऱ्या खेपेला कसाबसा मागे आला, तर पुढे ढकलताना मध्येच रुतला. उदाजीरावांनी तळहातानं दोन ठोसे दिले.

"हळू, सरकार. तिला लागतंय."

"मग कबूल करा ना. कडक आहे."

उस्तादांनी हात पुढे करून रायफल परत घेतली आणि पुन्हा मांडीवर आडवी ठेवली.

"ही घेतली तवा आदी हितं आनली हुती तुमी. मी काय सांगितलं हुतं?"

उदाजीरावांनी मान ताठ केली. शिकवलेलं विसरणाऱ्यांतले ते नव्हते. धडा म्हणून दाखवावा तसं त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं.

"नवा बोल्ट कडकच असतो. त्याला कानस लावायची नाही, घासायचा कागद लावायचा नाही. जिथं तो अडायला हवा तिथंच झिजला, तर बार तोंडावर फुटेल. लोखंड लोखंडालाच घासू द्यायचं. रोज बसून रिकामाच ओढायचा. हजारदा झालं की फडक्यानं पुसायचा, तेलाचा एक थेंब द्यायचा, परत हजार. फडक्याला काळं लागायचं थांबलं की झालं."

"शाबास. मग?"

"मग काय! शब्द न् शब्द पाळला. तुम्ही दोन-तीन हजार म्हणाला असाल, मी पाच हजार करवून घेतले."

उस्तादांचा हात थांबला.

"कुनाकडनं?"

"सिदूकडनं." उदाजीरावांना प्रश्नच विचित्र वाटला. "आणखी कुणाकडनं? महिनाभर रोज दुपारी त्याला सोप्यात बसवत होतो. मी समोर झोपाळ्यावर. मोजायचं काम माझं. त्याच्यावर नाही सोडलं मी ते. एकसुद्धा आकडा चुकलेला नाही, देवाशपथ."

...

बाहेर दर्ग्याच्या पायरीवर कुणीतरी नारळ फोडला. उस्तादांनी बाजूच्या डब्यातून एक धुतलेलं फडकं काढलं. बोल्ट बाहेर घेतला, मुलाचं अंग पुसावं तसा अंगभर पुसला आणि फडकं उजेडात धरलं.

पांढरं होतं.

"काम झ्याक केलंय त्यानं."

"तेच म्हणतोय ना मी! इतकं करूनसुद्धा अडतो, म्हणजे घडणाऱ्याचाच दोष. तुम्ही एवढंच म्हणा. लिहून नको. मी ठकूबाईला इथं आणतो, तिच्यासमोर नुसतं तोंडानं म्हणा."

"वढताना सिदू काय बोलायचा?"

"सिदू?" उदाजीराव थबकले. हे काय मध्येच? "काही नाही... म्हणजे, आधी बोटं सोलली म्हणून कुरकुरायचा. तेल लावायचा बोटांना. पुढं पुढं मजेत यायचा. म्हणायचा, सरकार, आता डोळं झाकून बी जमतंय. आणि खरंच डोळे मिटून ओढून दाखवायचा. सटासट. एकदा तर बोलता बोलता, मागं वळून वैनीसाहेबांशी चहाचं बोलत असताना त्याचा हात आपला..."

बोलता बोलता उदाजीरावांचा आवाज खाली आला.

...

"पुरं करा," उस्ताद म्हणाले.

"...त्याचा हात आपला चालूच होता."

उदाजीरावांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि रुमाल हातातच राहू दिला. एवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं.

"माझा काय दोष यात? मला सवय दुनळीची. जन्मभर दुनळीच चालवली मी. दोन बार झाले की हात मागं करायचा, दुसरी भरलेली हातात यायची. हे असलं दांडे ओढणं..."

"मागनं भरून कोन द्यायचं?"

"सिदू."

"त्येच्या आदी?"

शिलेखान्यामागच्या मैदानात नेम शिकणारं बारा वर्षांचं पोर, आणि त्याच्या मागे गुडघ्यावर बसून दुनळी भरून देणारे, तेव्हा काळ्याभोर दाढीचे दस्तगीर, दोघांनाही दिसत होते. पोरानं नुसता हात मागे करायचा. मागे बघायचंसुद्धा नाही. थोरल्या सरकारांचा, उदाजीरावांच्या वडिलांचा, तसा हुकूमच होता. आणि नेम बसला की शाबासकी पोराला मिळायची.

"तुम्ही, उस्ताद," अखेर उदाजीराव म्हणाले.

"व्हय. म्या."

म्हाताऱ्यानं खाली बघितलं. त्याच्या दाढीला काही तरी होत होतं. उदाजीरावांनी आपल्या गुरूला कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि आत्ताही त्यांना खात्री नव्हती. पण त्यांना त्याचा राग आला. मी आलो आहे मोकळा व्हायला, आणि हा म्हातारा दोष वाटून घ्यायला माझ्याच शेजारी येऊन बसतोय!

"ते जुनं उकरून काय उपयोग?" ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. "मी काय विचारतोय तेवढंच बोला. तुमच्या डोळ्यांदेखत अडला की नाही बोल्ट?"

"अडला."

"दोनदा अडला."

"तीनदा."

"मग मी खोटं बोललो का त्या बाईशी?"

"न्हाई."

"मग झालं तर!" उदाजीराव उठून उभे राहिले. गुडघे वाजले. "चला. जीप आहे बाहेर. अर्ध्या तासात धनगरवाडा. तिथं जे आता म्हणालात तेच म्हणा. अडतो. एवढा एकच शब्द."

उस्ताद उठले नाहीत. त्यांनी बोल्ट पुन्हा रायफलीत बसवला. बसवला तो असा की कळलंही नाही. मग खाली बघतच विचारलं,

"डुक्कर आलं तवा सिदूच्या हातात काय हुतं?"

उदाजीराव उभेच होते. एवढ्या मोठ्या माणसाला एकाएकी उभं कसं राहायचं ते समजेना.

"...काठी."

"आनि ही?"

"माझ्याकडे."

"सिदूनं काय केलं?"

"पुढं झाला."

"त्येच्या आदी. त्येच्या आदी काय केलं?"

हे उदाजीरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोलीसपाटलाला नाही, घरात नाही, धनगरवाड्यावर तर नाहीच. पंधरा दिवस ते स्वतःलाही सांगत नव्हते. दांडा अडला होता, ते हिसडे देत होते, आणि डावीकडून एक हात पुढे आला होता. बोटांची सालं निघून नवं कातडं धरलेला हात. तो रायफल मागत होता.

"त्यानं हात पुढं केला," उदाजीराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "म्हणाला, आना सरकार, हिकडं आना."

"मग?"

"दिली नाही."

...

"माझी रायफल. मी कशी देणार?"

...

"जहागीरदारानं हाक्यात, दहा माणसांसमोर, आपली रायफल धनगराच्या हातात द्यायची? तुम्हीच सांगा उस्ताद. तुम्हीच शिकवलंत ना मला..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग पोत्यावर खाली बसले, पडल्यासारखे.

दाराशी एक बकरी आली, आत डोकावली आणि परत गेली.

उदाजीराव पुन्हा बोलले तेव्हा त्यांच्या आवाजातला हुकूम सरला होता.

"ती परत विचारेल. मी काय सांगू तिला? तुम्ही गुरू आहात माझे. काहीतरी सांगा. दुसरा बार का वाजला नाही?"

दस्तगीर उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"सांगा, दुसरा बार सिदूच्या हातात हुता."