मडक्यातला बाईचा वाटा

राजा भानुदेवाला दोनच गोष्टी आवडत: मातीच्या मडक्यातलं गार पाणी आणि स्वतःचा शब्द. त्याच्या राजवाड्याचा कुंभार हरबा याचा खांदा निखळला आणि चाक थांबलं. हरबाला मुलगा नव्हता. मुलगी होती, भिवरा. तिनं दरबारात येऊन सरळ सांगितलं की यापुढे राजवाड्याची मडकी मी घडवीन.

दरबारात हशा पिकला. चाकावर पुरुषानं बसायचं आणि बाईनं मडकं थापटायचं, ही तिथल्या कुंभारांची पणज्यापासूनची रीत. हरबाचा पुतण्या सखोबा तर नवा फेटा बांधूनच आला होता. चाक त्याच्याकडे गेलं की भिवराचं घरही जाणार होतं, कारण ते राजवाड्याच्या कुंभारासाठीच होतं.

राजा म्हणाला, "पोरी, मडकं घडवतो पुरुष. बाई नुसती वरून थोपटते. पोराला झोपवताना थोपटतात, तसं. त्याला काय काम म्हणायचं?"

"आबांनी मला चाकही शिकवलंय, महाराज. पण थापटणं हेही कामच आहे."

"किती?"

"म्हणाल तर दाखवते."

राजाला हट्ट करायला एवढं पुरे होतं. त्यानं फर्मावलं: मडक्यातलं पुरुषाचं काम आणि बाईचं काम वेगवेगळं काढून दाखव. मडकं फोडायचं नाही. जमलं तर चाक तुझं, नाहीतर उद्याच घर रिकामं कर.

हरबानं ऐकून कपाळाला हात लावला. दह्यातून दूध परत काढायला सांगितलं असतं तरी बरं, म्हणाला. भिवरा मात्र सखोबाकडे गेली आणि नम्रपणे म्हणाली की उद्या दरबारात तुझ्या एकट्याच्या हातचं मडकं आण, बाईचा हात लागू देऊ नकोस. सखोबा खूश झाला. थापटणं हे बायकी काम म्हणून त्यानं जन्मात केलं नव्हतं. चाकावरून उतरवलं तसंच मडकं वाळवून त्यानं दुसऱ्या दिवशी सिंहासनासमोर चुंबळीवर ठेवलं.

"हा पुरुषाचा वाटा," भिवरा म्हणाली.

मडक्याचा गळा खरोखरच देखणा होता. राजानं कौतुकानं पाण्याचा तांब्या मागवला आणि स्वतः ओतू लागला. सखोबा काहीतरी सांगू गेला, पण ओतणाऱ्या राजाला अडवणार कोण? सगळं पाणी राजाच्या भरजरी जोड्यांत गेलं.

राजानं मडकं उचलून आत पाहिलं. त्याला आपलेच पाय दिसले.

"याला बूड नाही."

"चाकावर बूड होत नाही, महाराज. आत दगड धरून बाहेरून थापटत राहावं लागतं, तेव्हा कुठं माती खाली सरकते आणि भोक बुजतं."

राजा हट्टानं म्हणाला, "बरं, हा पुरुषाचा वाटा. बाईचा कुठाय?"

"आत्ता जेवढं पाणी सांडलं, तेवढाच. जास्त नाही."

राजाचे ओठ हलले. मग तो इतका हसला की जोड्यांतलं पाणी पचपच वाजू लागलं. चाक भिवराला मिळालं, घर राहिलं आणि वर तळ्याकाठची चिकणमातीची जागाही तिच्या नावे झाली.

"पण तू चाकावर बसलीस," राजा डोळे पुसत म्हणाला, "तर थापटणार कोण?"

"सखोबादादा आता मोकळाच आहे, महाराज. शिकवीन मी त्याला. पोराला झोपवताना थोपटतात, तसंच असतं."